डांबरगोळी, मलेरियाची गोळी आणि एक एन्झाइम

बाळ सहा दिवसांचं होतं. आदल्या रात्री पाचवी पूजून झाली होती, घरात पाहुणे होते. सकाळी आजीच्या लक्षात आलं की बाळ दूध नीट ओढत नाहीये आणि हळद लावल्यासारखं पिवळं दिसतंय. "नवजात बाळाला कावीळ होतेच, कोवळ्या उन्हात धरा," असं दोघाचौघांनी सांगितलं. आजीनं ऐकलं नाही, रिक्षा करून बाळाला घेऊन आली. बिलिरुबिन बावीसच्या पुढे होतं. आणखी थोडं चढलं असतं तर बाळाचं रक्त बदलावं लागलं असतं, आणि त्याहून चढलं असतं तर मेंदूला कायमची इजा. लाइटखाली ठेवलं, रक्ताची पिशवी तयार ठेवली, आणि सुदैवाने काही तासांत आकडा उतरू लागला.

आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळत होता. जंतुसंसर्ग नव्हता. मग लाल पेशी इतक्या भराभर फुटल्या कशाने? बाळाला ज्या गोधडीत गुंडाळून आणलं होतं, तिला एक उग्र वास येत होता. आजीनं स्वतःच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, नातवासाठी म्हणून ट्रंकेत जपून ठेवलेली. कसर लागू नये म्हणून सोबत डांबरगोळ्या. पुढच्या तपासणीत कळलं की बाळाच्या लाल पेशींत जी६पीडी नावाचं एन्झाइम फार कमी आहे. (ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत.)

आजीनं विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. "डॉक्टर, माझ्या गोधडीनं झालं का हो हे?"

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर सांगतो. आणि मग माझी तक्रार मांडतो, कारण या लेखात तक्रार आहे.

आपल्या अंगात लाल पेशी साधारण पंचवीस लाख कोटी. हे आकडे एरवी देशाच्या अर्थसंकल्पातच दिसतात! शरीरातल्या बहुतेक पेशींत ऊर्जा तयार करणारी छोटी वीजघरं असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. ती प्राणवायू वापरून साखरेतून भरपूर ऊर्जा काढतात. लाल पेशीत मात्र हे वीजघर नाही. तिचं काम प्राणवायू वाहून न्यायचं, तो स्वतः खायचा नाही, म्हणून जणू निसर्गानं तिच्यातलं सगळं सामान काढून टाकून जागा मोकळी केली. केंद्रकसुद्धा नाही. त्यामुळे एकदा तयार झालेली लाल पेशी नवीन एन्झाइम बनवू शकत नाही. जन्माला येताना जी शिदोरी मिळाली, त्यावर तिला सुमारे १२० दिवस काढायचे असतात.

तिचं सगळं इंधन म्हणजे ग्लुकोज. हे ग्लुकोज पेशीत शिरलं की त्याला दोन वाटा फुटतात. नव्वद टक्क्यांच्या आसपास ग्लुकोज सरळ वाटेनं जातं आणि त्यातून पेशीला लागणारी ऊर्जा मिळते. उरलेलं थोडं ग्लुकोज आडवाटेनं जातं. या आडवाटेच्या तोंडाशी जी६पीडी बसलेलं असतं. पूर्ण नाव ग्लुकोज-सिक्स-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. ते पाठ करायची गरज नाही. या वाटेवर ऊर्जा नव्हे, तर एनएडीपीएच नावाचा पदार्थ तयार होतो, आणि त्याच्या जोरावर पेशी स्वतःला गंजण्यापासून वाचवते.

गंज हा शब्द मी मुद्दाम वापरला. लाल पेशीत लोह आहे आणि प्राणवायू आहे. दोघं दिवसरात्र शेजारी राहतात. गंज चढणारच. निरोगी पेशी तो चढता चढता पुसत असते. त्यात बाहेरून एखादं रसायन आलं, जसं डांबरगोळीतलं नॅप्थलीन किंवा काही औषधं, की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. धडधाकट पेशी अशा वेळी जास्तीचं ग्लुकोज आडवाटेला वळवते आणि निभावून नेते. जिच्यात जी६पीडी कमी आहे तिला हे जमत नाही. आतलं हिमोग्लोबिन विरघळलेलं न राहता त्याचे गोळे होतात, पेशीचं आवरण कडक होतं आणि ती फुटते, किंवा प्लीहा तिला पकडून मोडीत काढते. मोडलेल्या हिमोग्लोबिनमधून बिलिरुबिन तयार होतं, म्हणून डोळे पिवळे होतात. पेशी फारच भराभर फुटल्या तर हिमोग्लोबिन लघवीतून जातं आणि लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोकमाच्या आगळासारखी दिसते. हे बहुतेक वेळा रसायनाशी संबंध आल्यानंतर एक ते तीन दिवसांत घडतं.

एरवी, म्हणजे असं रसायन अंगात गेलं नाही तर, या माणसाला बहुतेक वेळा काहीही होत नाही. हे मी ठासून सांगतो, कारण रिपोर्टवर 'डेफिशियंट' हा शब्द वाचून पालक रडताना मी पाहिले आहेत. जगात सुमारे चाळीस कोटी लोकांमध्ये हे एन्झाइम कमी आहे. एन्झाइमच्या कमतरतेचा यापेक्षा सामान्य प्रकार जगात नाही. त्यातले बहुतेक जण शाळेत जातात, क्रिकेट खेळतात, म्हातारे होतात आणि आपल्यात काही कमी होतं हे न कळताच जातात. शिवाय ही कमतरता मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून काही अंशी संरक्षण देते. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे ती टिकून राहिली, ती त्यामुळेच.

आता यात आपला महाराष्ट्र कुठे येतो ते पाहू. १९६३ साली मुंबईतल्या संशोधकांनी पारशी समाजातल्या या कमतरतेवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे मुंबईच्याच राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने, जी केईएमच्या आवारात आहे, आदिवासी आणि बिगरआदिवासी समाजांमध्ये या विषयावर बरंच काम केलं. आणि कल्याण! नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना आपण ज्या कल्याणवरून जातो, त्या गावाचं नाव या एन्झाइमच्या एका प्रकाराला दिलेलं आहे. ५१५ दुव्यांच्या या साखळीत ३१७ व्या जागी एक दुवा बदलतो आणि एन्झाइम दुबळं होतं. केरळात एक वेगळा प्रकार सापडला असं आधी वाटत होतं. १९९२ साली कळलं की दोन्हींत नेमका तोच बदल आहे. तेव्हापासून जगभरच्या पुस्तकांत तो 'केरळ-कल्याण' या जोडनावाने ओळखला जातो. म्हणजे हा 'बाहेरच्या देशातला आजार' नाही. तो आपल्या लोकलच्या नकाशावर आहे.

पुन्हा त्या बाळाकडे येतो. निदान झाल्यावर मी आईला विचारलं, "तुमच्या भावाला कधी अचानक कावीळ झाली होती का? लघवी लाल-काळी?" हा प्रश्न मामाबद्दलच का, ते सांगतो. या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाला एकच एक्स मिळतो, आणि तो आईकडून. आईकडे दोन एक्स असतात. त्यातला एक दुबळा असला तरी दुसरा बऱ्याचदा सांभाळून घेतो, त्यामुळे तिला सहसा त्रास होत नाही. पण तिच्या भावालाही तोच दुबळा एक्स मिळालेला असू शकतो, आणि त्याच्याकडे सांभाळून घ्यायला दुसरा नसतो. 'मामावर गेलाय' हे आपल्याकडे कौतुकानं म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं ठरू शकतं.

आई म्हणाली, हो, भावाला कॉलेजात असताना मलेरिया झाला होता. ताप उतरल्यावर चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी लघवी काळी झाली, चक्कर आली, दोन बाटल्या रक्त चढवलं. तेव्हा 'मलेरिया लिव्हरपर्यंत गेला' असं सांगण्यात आलं. मामा बरा झाला. घरी त्याची एक गोष्ट तेवढी राहिली.

माझी तक्रार इथून सुरू होते. त्या घरात हे दुबळं एन्झाइम आहे, ही बातमी मामाच्या लघवीनं कित्येक वर्षांपूर्वी दिली होती. ती कुठे लिहिली गेली नाही. काही शे रुपयांची एक तपासणी तेव्हा झाली असती, बहिणीच्या फाइलवर एक ओळ आली असती, तर बाळंतपणाआधीच मी तिला सांगू शकलो असतो की ट्रंकेतलं काही बाळाच्या अंगावर घालू नका आणि घरी जाण्याआधी कावीळ मोजून घ्या. आजीला तो प्रश्न विचारायची वेळ आली नसती.

ती चौदा दिवसांची गोळी म्हणजे प्रायमाक्विन. मलेरियाचा व्हायवॅक्स हा प्रकार यकृतात लपून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. लपलेल्या जंतूला मारायला प्रायमाक्विन लागतं. औषध चांगलं आहे, गरजेचं आहे. पण जी६पीडी शोधलं गेलं ते याच औषधामुळे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या तुरुंगात कैद्यांवर प्रयोग चालू असताना काही जणांच्याच लाल पेशी का फुटतात, याचा शोध घेताना १९५६ साली या एन्झाइमची कमतरता सापडली. (कैद्यांवर असे प्रयोग करावेत का, हा वेगळा आणि अस्वस्थ करणारा विषय आहे.) त्याला सत्तर वर्षं होत आली. प्रायमाक्विनच्या आधी शक्य तिथे जी६पीडी तपासा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या राष्ट्रीय धोरणातही हे औषध देखरेखीखाली द्यावं, कमतरता माहीत असलेल्यांना, गर्भवतींना आणि एक वर्षाखालच्या बाळांना देऊ नये, असं लिहिलेलं आहे. कमतरता माहीत असलेल्यांना! ती माहीत कशी होणार, तपासणीच झाली नाही तर?

कमतरता निघाली म्हणजे मलेरियाचा उपचार बंद, असं नाही. रोज घेण्याऐवजी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रायमाक्विन देण्याची पद्धत आहे. पण ती निवडायची तर आधी माहिती हवी.

माझे काही सहकारी म्हणतात, "नाशिकमध्ये आता मलेरिया राहिलाय कुठे? कशाला लोकांना घाबरवता?" मलेरिया पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झाला हे खरंच आहे, राज्यात त्याचा मोठा भार गडचिरोलीकडे आहे. पण हे एन्झाइम फक्त मलेरियाच्या गोळीपुरतं नाही. कुष्ठरोगाच्या उपचारातलं डॅप्सोन, लघवीच्या जंतुसंसर्गाला सर्रास दिलं जाणारं नायट्रोफुरँटॉइन, लघवीची जळजळ थांबवायला देतात ती लघवी नारिंगी करणारी फेनॅझोपायरिडिनची गोळी, हे सगळं त्याच यादीत येतं. आणि नवजात बाळाची कावीळ तर प्रत्येक प्रसूतिगृहातला रोजचा विषय आहे. रक्तगट आपण प्रत्येकाचा काढतो. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात रक्त घ्यावं लागत नाही, तरी काढतोच ना?

माझं म्हणणं असं आहे: प्रत्येक बाळाची जी६पीडी तपासणी जन्मानंतर, प्रसूतिगृहातून घरी जाण्याआधी व्हावी आणि निकाल माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगटाच्या शेजारी लिहिला जावा. केरळने सरकारी रुग्णालयांत नवजात बालकांच्या तपासणीत ती घेतली आहे. आपल्याकडे खासगी रुग्णालयांत टाचेतून रक्त घेऊन पन्नासेक आजारांचं महागडं पॅकेज विकलं जातं, त्यात ही तपासणी असते. परवडणारे ते करतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून आलेल्या बाईला कोणी ते विचारतही नाही. जिथे मलेरियाचा जुना इतिहास आहे आणि जिथे ही कमतरता असण्याची शक्यता जास्त, तिथेच ती तपासली जात नाही.

त्यातही एक संधी दिसते. जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं अभियान चालू आहे. आदिवासी भागातल्या शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्याचं उद्दिष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांतही बोटातून थेंब घेतला जातोच. त्याच वेळी आणखी एक थेंब या तपासणीसाठी घ्यायला काय हरकत? अडचण आहे, ती मी लपवत नाही. एन्झाइम नाजूक असतं, उन्हात तापलं की मरतं. एप्रिल-मेमध्ये सुरगाण्याहून नमुना बर्फाशिवाय नाशिकला आला तर चांगल्या माणसाचा रिपोर्टही 'कमी' येईल. पण आता हातात मावणारी यंत्रं निघाली आहेत, जी बोटाच्या थेंबावर काही मिनिटांत जागच्या जागी आकडा सांगतात. पैसा लागेल, प्रशिक्षण लागेल. अशक्य काही नाही.

तपासणीबद्दल दोन गोष्टी पालकांनीही लक्षात ठेवाव्यात, कारण इथे डॉक्टरही फसतात. पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर रिपोर्ट चुकून 'नॉर्मल' येऊ शकतो. जुन्या, दुबळ्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि शिल्लक राहिलेल्या ताज्या पेशींत एन्झाइम थोडं जास्त असतं. म्हणून शंका असेल तर तीनेक महिन्यांनी पुन्हा करा. दुसरं, मुलींमध्ये नुसती 'आहे-नाही' सांगणारी तपासणी अर्धवट कमतरता हुकवते. तिथे आकड्यात मोजणारी तपासणी हवी.

आणि कमतरता निघालीच तर? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या शंभर-शंभर पदार्थांच्या याद्यांपासून आधी दूर राहा. त्या वाचून एका आईनं मुलाचे वाल, पावटा, घेवडा, चवळी, सगळं बंद केलं होतं. गोंधळ भाषांतराचा आहे. इंग्रजी यादीत ज्या शेंगेचं नाव असतं ती बाकला, म्हणजे फावा बीन. उत्तर भारतात खातात, आपल्याकडे फारशी नाही. मात्र खारवलेल्या नट्सच्या काही पाकिटांत आणि परदेशी फलाफलमध्ये ती असते, तेवढी पाहून घ्या. डाळिंब्यांची उसळ खुशाल खाऊ द्या. तापासाठी नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. लसी सगळ्या द्यायच्या, एकही चुकवायची नाही. जन्मल्यावर देतात ते आताचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शनही सुरक्षित आहे. टाळायचं ते थोडंच: वर सांगितलेली औषधं, डांबरगोळ्या, बाकला, आणि लहान बाळाच्या हातापायांना मेंदी. हो, मेंदीसुद्धा. लग्नसराईत तीन महिन्यांच्या तळहातावर ठिपका काढायचा मोह होतो, पण मेंदीतलं रंगद्रव्य त्वचेतून आत जातं आणि अशा बाळांच्या लाल पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. कपाटातली पांढरी गोळी नॅप्थलीनची की दुसऱ्या कशाची हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून बाळ असलेल्या घरात कोणतीच नको. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा झाला, डोळे पिवळे दिसले, मूल पांढरंफटक पडलं, तर चालू असलेलं औषध सोबत घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. उद्यावर टाकू नका.

आणखी एक बोलायचं राहिलं. एकदा निदान झालं आणि 'आईकडून येतं' हे कळलं की काही घरांत वारं फिरतं. 'सुनेच्या माहेरचं खोट' असं कानावर येतं. याच बाळाच्या बारशाला एका नातेवाइकानं ते बोलून दाखवलं. आजीनं त्याला तिथेच गप्प केलं, हे मला नंतर कळलं. हिशोब साधा आहे. ही कमतरता असलेला बाप आपल्या सगळ्या मुलींना ते जनुक देतो, मुलांना देत नाही. म्हणजे सुनेला ते तिच्या वडिलांकडून, त्यांना त्यांच्या आईकडून आलेलं असू शकतं. मागे जात राहिलं तर ज्या कुणा पूर्वजांना या एन्झाइमनं मलेरियातून तगवलं, तिथपर्यंत पोचाल. दोष द्यायला तिथे कोणी सापडत नाही.

बाळ आता दीड वर्षाचं आहे, अंगानं चांगलं भरलंय. त्याच्या लसीकरणाच्या कार्डाच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने जी६पीडी कमी असल्याचं लिहून दिलं आहे. आईनं त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय, मामालाही पाठवलाय. आजीनं ट्रंक रिकामी करून उन्हात ठेवली, आता तिच्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला असतो. नवी गोधडी शिवली, ती दाखवायला मुद्दाम घेऊन आल्या होत्या. मामाची तपासणी मात्र अजून झालेली नाही. दर वेळी "पुढच्या आठवड्यात करतो" म्हणतो.